फुगलं की दाबायचं

फुगलं की दाबायचं, हे बायंडरचं तत्त्वज्ञान. कुणी विचारो न विचारो, तो ते ऐकवायचाच. पुस्तक ओलं होऊन फुगलं, घाला शिकंज्यात. पुठ्ठ्याने पाठ वाकडी केली, घाला शिकंज्यात. जावयाचं तोंड पहिल्यांदा फुगलं तेव्हा तो मुलीला म्हणाला होता, माझा शिकंजा जरा रुंद असता तर हाही प्रश्न सुटला असता. पुढे जावई एके दिवशी घरातून गेला तो गेलाच, आणि मग हा विनोद घरात कुणी काढेनासं झालं.

शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र. खाली एक जाड पाट, वर एक पाट, मधून पिळाचा दांडा आणि दांड्याच्या डोक्यावर दोन्ही हातांनी फिरवायचं चाक. मिसरूड फुटायच्या वयात तो एका छापखान्याच्या बांधणी खात्यात लागला आणि केस पांढरे होईपर्यंत ते चाक फिरवत राहिला. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या, एकाने तर भिंतीवरचं घड्याळ नेलं. याने शिकंजा हातगाडीवर घालून घरी आणला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि विचारलं, की आता हे पोटात घालायचं की पाठीवर.

त्याच शिकंज्यामुळे त्याला शाळेत नोकरी मिळाली. कागदोपत्री तो शिपाई. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, कुलपं लावायची. खरं काम पुस्तकखोलीत. एका वर्गाने वर्षभर चघळलेली पुस्तकं शिवून, खळ लावून, दाबून पुढच्या वर्गाच्या हातात द्यायची. खोलीला एक दार, एक गजांची खिडकी, भिंतीला लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात घरून आणलेला शिकंजा. बायको गेल्यावर तर तो घरापेक्षा तिथेच जास्त असायचा. पुस्तकांवर त्याचा फार जीव, पण वाचणाऱ्यांवर मुळीच नव्हता. वाळवीपेक्षा वाचक वाईट, असं तो म्हणायचा. वाळवी निदान पानं दुमडत नाही.

घरी आता नात होती. मुलगी दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर बसायची आणि वर्षाकाठी एखाद-दोनदा यायची. तिची पोर आजोबांकडे. लहानपणी लाकडाच्या बाहुलीसारखी गप्प बसून राहायची म्हणून आजीने तिचं नाव ठकी पाडलं, ते चिकटलं. वर्गातही तशीच. उभं करून वाचायला सांगितलं की तिची वाचा बसायची आणि मुलं खिदळायची. शाळेतून घरी जाताना मात्र ती आजोबांशी इतकं बोलायची की त्याला मध्येच सांगावं लागायचं, अगं बाई, जरा श्वास घे.

मग यंत्रं आली. पाटीएवढे संगणक, पिवळ्या प्लास्टिकचे, वर धरायला मूठ. स्वस्तातले आहेत हे देणाऱ्यांनीच अभिमानाने सांगितलं. इतके स्वस्त, की गरिबातल्या गरीब देशातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक ठेवता यावा. फीत कापली, फोटो निघाले. एका मास्तरांनी मागच्या बाकावर कुजबुज केली की आधी संडासाला दार बसवा. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, या वयात आपल्या हातात असं काही पडलं असतं तर आपण आज इथे नसतो. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच त्यांचा वाद कधी मिटला नाही.

यंत्रांबरोबर शिकवायला एक तरुण ताई आली होती. तिने मुलांना जमिनीवर बसवून यंत्रं उघडायला लावली. जाताना म्हणाली, यांना घरी नेऊ द्या, पडली तर पडू द्या, मोडली तरी चालतील, फक्त बंद करून ठेवू नका. हे ऐकून मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा, चेहरा पांढरा पडला. फुकट आलेली वस्तू मोडायलाच दिलीय, हे त्यांच्या कानांना पटेना. ताईची गाडी वळणाआड गेली आणि बाईंनी बायंडरला बोलावून फर्मावलं, की पुस्तकखोलीतलं कपाट रिकामं करा.

पुस्तकं व्हरांड्यात गेली आणि तिथून कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. कपाटात वायर ओढून यंत्रं खणाखणांत उभी राहिली, दिवसरात्र विजेला लावलेली. पाहुणे कधीही येतील, आले तर प्रत्येक यंत्र भरलेलं दिसलं पाहिजे, हा बाईंचा हुकूम. आठवड्यातून एक तास ती वर्गात जायची, तीही चौघांत एक, आणि बायंडर मागे उभा राहून कुणाचे हात ओले आहेत ते बघायचा. सुरुवातीला त्याला या पिवळ्या पाहुण्यांचा रागच आला होता. पण न वाचली गेलेली, न दुमडलेली, नव्यासारखी राहिलेली वस्तू त्याला आवडायचीच. हळूहळू तो त्यांना फडक्याने पुसू लागला.

बाईंची एक सवय होती. येताजाता पुस्तकखोलीचं कुलूप ओढून बघायचं. आत डोकवायचं नाही, कुलूप तेवढं ओढायचं. लागलेलं असलं की त्यांना बरं वाटायचं. खिडकीचे गजही त्यांनी तपासायला लावले. बायंडरने एक यंत्र उभं धरून गजांमधून सारून पाहिलं, ते सहज बाहेर गेलं. मग स्वतःचं डोकं घालून पाहिलं, ते अडकलं. ठकीनेही घालून पाहिलं, तिचंही अडकलं आणि ती पोट धरून हसली. बाहेरचं माणूस आत येऊ शकत नाही एवढं पक्कं झालं, तेव्हा बाईंनी खिडकीला जाळी न बसवता नुसती कडी लावून ठेवायला सांगितली. आत कुणी असेल आणि त्याला बाहेर पडावं लागेल, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

असायची ठकी. बायंडरच्या आयुष्यातली ही एकच चोरी. शाळा सुटली की तो तिला पुस्तकखोलीत सोडायचा, बाहेरून कुलूप लावायचा आणि वर्ग बंद करत शाळाभर फिरायचा. बाई निघताना कुलूप ओढून जायच्या, निर्धास्त. सगळं सामसूम झालं की तो ठकीला काढायचा. आत जाताना रोज तीच तंबी. "एकाला जरी ओरखडा आला ना, तर मी घरी बसेन आणि तू उपाशी. काही झालं तर आधी यंत्र सांभाळायचं, बाकीचं मग." ठकी मान हलवायची. ती सांगितलेलं ऐकणारी पोर होती, हेच तिचं दुर्दैव.

आणि त्या बंद खोलीत पोरीचं काय झालं ते बघायला ती ताई असायला हवी होती. वर्गात जिला चार ओळी वाचता येत नव्हत्या, तिने यंत्राच्या पोटात शिरून स्वतःच्या स्वतः वाट काढली. ठिपका हलवायला शिकली, मग रेघ, मग चित्र. मग तिने पडद्यावर आपली आई केली. शिलाई यंत्रावर वाकलेली बाई. कळ दाबली की सुई वरखाली व्हायची, कापड पुढे सरकायचं, आणि पुन्हा दाबलं की बाई मान वर करून बघायची. बायंडरने ते पहिल्यांदा पाहिलं. एवढंच म्हणाला, की आईच्या कपाळावरची बट राहिली. दुसऱ्या दिवशी ठकीने बट काढली.

हे वर्गाच्या तासाला मोठ्या बाईंच्या नजरेस पडलं आणि पोरीचं नशीब फळफळल्यासारखं झालं. देणारे पाहुणे कामाची पाहणी करायला येणार होते. ज्या मुलाचं काम त्यांना पसंत पडेल त्याला ते शहरातल्या निवासी शाळेत घेणार होते. शहर तेच, जिथे ठकीची आई होती. बाईंनी ठरवलं, पाहुण्यांपुढे ठकी बसेल. त्या दिवसापासून ठकी झोपेतसुद्धा बोटं हलवू लागली. आजोबांना ती रोज नव्याने विचारायची, सुट्टीच्या दिवशी आई भेटायला येऊ शकेल ना. तो म्हणायचा, येईल की, आणि मग तुला या म्हाताऱ्याची आठवण कशाला राहतेय.

त्याच सुमाराला यंत्रं फुगू लागली.

ठकीच्याच लक्षात आलं. खालच्या खणातलं, तिचं नेहमीचं यंत्र तिने मांडीवर घेतलं तर ते डगमगायला लागलं. बूड फुगीर झालं होतं, कळा मधोमध वर आल्या होत्या, झाकण मिटत नव्हतं. तिने आजोबांना सांगितलं, याचं पोट फुगलंय, आणि हात लावून बघा, गरम लागतंय. बायंडरने हात लावला. उन्हाचे दिवस होते, कपाट बंद होतं, सगळंच गरम होतं. खणातली आणखी काही यंत्रं काढून पाहिली तर त्यांचीही तीच गत. कपाटाला एक गोडसर वास येत होता, नखं रंगवायच्या बाटलीसारखा. कुठल्या तरी मास्तरीणबाई पर्स विसरल्या असतील, असं तो म्हणाला आणि कपाट लावून घेतलं.

कपाटाच्या दारावर आतून ताईचा फोन नंबर चिकटवलेला होता. तो त्याने वाचलाही. पण फोन केला की आपल्या ताब्यात माल बिघडला हे जगजाहीर होणार, म्हणून त्याने मोठ्या बाईंना तेवढं सांगितलं की काही झाकणं मिटत नाहीत. बाई पाहुण्यांच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालेल्या. मान वर न करता म्हणाल्या, पाहुण्यांसमोर एकही यंत्र तोंड वासून दिसता कामा नये, काय ते तुम्ही करा. आणि फुगलेल्याचं काय करायचं हे बायंडरला जन्मभर माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने शिकंजा पुसला, पिळाला तेल दिलं. पहिलं यंत्र मऊ कापडात गुंडाळून पाटावर ठेवलं. घाई नाही. जुनी, मोलाची पोथी दाबावी तसं चाक पाव फेरा फिरवायचं, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा पाव फेरा. मध्येच आतून बोटं मोडल्यासारखा बारीक आवाज आला. तो थांबला. पुन्हा काही झालं नाही, तसं त्याने आणखी थोडं पिळलं. काढून पाहतो तर बूड सपाट आणि झाकण टक्क मिटलं. इतक्या वर्षांनी शिकंजा कामाला आला म्हणून त्याला हसू फुटलं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळी फुगलेली यंत्रं सपाट केली. ठकीचं सगळ्यात शेवटी, सगळ्यात जपून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीने आपलं यंत्र कानाला लावलं आणि बराच वेळ तशीच बसली. आत काहीतरी कुरकुरतंय, म्हणाली.

"दाबलं की कुरकुरतंच," बायंडर म्हणाला. "माणूससुद्धा."

तिला हसू आलं नाही. तिने विचारलं, आत काय असतं, आजोबा? त्याला पुस्तकाच्या आत काय असतं ते ठाऊक होतं: दोरा, खळ, कागद. याच्या आत काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या वस्तूवर आपण काल दुपारभर चाक पिळलं, हे त्या क्षणी त्याला कळलं. पण उद्यावर पाहुणे होते. त्याने यंत्रं पुसून खालच्या खणात लावली, प्रत्येकाची वायर तपासली आणि कपाटाचं दार घट्ट मिटलं.

त्याच संध्याकाळी ठकीला शेवटचा सराव करायचा होता. त्याने तिला खोलीत सोडलं. तंबी दिली. कुलूप लावलं. बाई नेहमीप्रमाणे आल्या, त्यांनी कुलूप ओढलं आणि त्याला म्हणाल्या, चला, सभागृहात फलक लावायचाय, खिळे ठोकायला दुसरं कुणी नाही. सभागृह शाळेच्या दुसऱ्या टोकाला. तो शिडीवर चढला आणि ठोकू लागला. फलक एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे. बाई खालून सांगत होत्या, वर घ्या, अजून वर. हातोड्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पुढे जन्मभर तो हेच सांगत राहिला, आणि ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

धूर आधी बाईंना दिसला. त्या म्हणाल्या, कुणीतरी पाला जाळतंय वाटतं. बायंडरने शिडीवरून खिडकीबाहेर पाहिलं. पाल्याचा धूर पांढरा असतो. हा काळा होता, आणि पुस्तकखोलीच्या अंगाने येत होता. तो उतरला नाही, पडलाच. लंगडत पळाला. जुडग्यातली ती किल्ली तो अंधारात चाचपून काढायचा, पण आता त्याच्या बोटांना एकही किल्ली ओळखू येईना. कुलपाने हात भाजला. दार उघडलं आणि आतला धूर अंगावर आला.

ठकी खिडकीपाशी होती. आधी तिने हाका मारल्या होत्या, घसा बसेपर्यंत. दार हलवलं होतं. मग, कुणी येत नाही म्हटल्यावर, तिने आजोबांनी सांगितलेलं केलं. कपाट उघडलं. दाबलेल्या यंत्रांचा खालचा खण त्यांच्या बॅटऱ्या फुटून पेटलेला, वरचे अजून नव्हते. तिने वरच्या खणांतलं एकेक यंत्र काढून खिडकीशी न्यायचं, उभं धरायचं आणि गजांमधून बाहेर सोडायचं, असं चालवलं होतं. यंत्र गजांतून जात होतं. ती जात नव्हती. वरचे खण संपल्यावर तिने खालच्या खणात हात घातला होता. दार उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत तिचं यंत्र होतं, त्याचं प्लास्टिक वितळून तिच्या बोटांवर आलेलं. ते तिने त्याच्यापुढे धरलं आणि खाली बसली.

बाहेर खिडकीखाली गवतावर बाकीची सगळी यंत्रं पडली होती. पिवळी, थोडी काळवंडलेली, बहुतेक धडधाकट.

पाहुणे दुसऱ्या दिवशी आले. बेत रद्द झाला नाही. इतक्या लांबून आलेली माणसं परत कशी पाठवायची. यंत्रं पुसून व्हरांड्यात ओळीने मांडली. वर्गाच्या तासाला वापरलेल्या, वाचलेल्या एका यंत्रावर ठकीचं काम अजून होतं, ते एका दुसऱ्या मुलाने दाखवलं. त्याने कळ दाबली, सुई वरखाली झाली, बाईने मान वर केली, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अशी यंत्रं मुलांच्या उपयोगी पडतात का, याचा त्यांना जागोजागी शोध घ्यायचा होता. उत्तर त्यांच्यापुढे हलत होतं, सुई वर, सुई खाली. आणि ते करणारी पोर मैलभरावरच्या दवाखान्यात पडली होती. माणसं सगळी भलीच होती, हे सांगितलं पाहिजे. देणारे भले, ताई भली, बाईसुद्धा भल्याच. मला त्यांचा राग येतो तो त्यामुळे कमी होत नाही.

मोठ्या बाई संध्याकाळी दवाखान्यात आल्या. डोळ्याला पदर लावला, ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, शाळेचं नाव राखलं हो पोरीने. निवासी शाळेची जागा पाहुण्यांनी तिच्यासाठी ठेवली आहे, हात बरे झाले की पाठवा. त्याआधी डॉक्टरांनी बायंडरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जिवाचा धोका नाही, पण बोटं आता एकेक अशी मोकळी होणार नाहीत. हे त्याने बाईंना सांगितलं नाही. शिकंज्याचं मात्र सांगितलं. मी दाबली ती, बाई, फुगली म्हणून. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, हे आता कुठे बोलू नका.

ठकीची आई रातोरात प्रवास करून सकाळी पोचली. तिच्या ओढणीला अजून कारखान्यातले धागे चिकटलेले होते. ती खाटेच्या कडेला बसली, पोरीच्या पांढऱ्या गुंडाळ्यांकडे बघितलं आणि हात कुठे लावावा हे न कळून तिने तिचे पाय धरले. ठकीचा घसा बसलेला होता. ती आईला सांगू लागली, आणि तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, कौतुकाची वाट बघणं होतं.

"खालच्या खणातलीच गेली, आई. बाकी सगळी बाहेर काढली मी. आजोबांची नोकरी नाही जाणार."

आईने तिचं पांघरूण नीट केलं. पोरीचा डोळा लागल्यावर ती उठून खिडकीशी उभ्या असलेल्या बापाजवळ आली. बायंडरने मनाशी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. शिकंज्याचं, फुगण्याचं, बाईंच्या हुकमाचं, हातोड्याच्या आवाजाचं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती आवाज न चढवता बोलली, आणि जे विचारलं त्याची त्याने तयारीच केली नव्हती.

"बाबा, पोर आत होती. मग कुलूप का लावलं होतं?"

खरं उत्तर एकच होतं, आणि इतके दिवस ते त्याला पुरलं होतं.

"बाई ओढून बघतात म्हणून," तो म्हणाला.